‘प्रामाणिक’ शब्दाचा विचार



गेल्या कार्तिकात भाईंदरास एका सप्ताहात माझी कीर्तनसेवा झाली. सेवा आटोपली, आरती झाली, मंडळी पांगू लागली, तेव्हा एक तरुण गृहस्थ पुढे आला. उत्तरेकडचा होता. मंडपाच्या अंगासच त्याचे इस्त्रीचे दुकान, त्यामुळे काम करता करता सात दिवस कीर्तन त्याच्या कानावर पडत होते. हात जोडून म्हणाला, “महाराजजी, हमारे यहाँ किताब प्रामाणिक होती है, कागज प्रामाणिक होता है. आदमी प्रामाणिक कैसे होता है?”

त्या दिवशी मी एका जुन्या विणेकऱ्याची आठवण सांगताना ‘मोठा प्रामाणिक माणूस’ असे तीन-चार वेळा म्हणालो होतो. तेच त्याला अडले होते. मी तेथल्या तेथे ‘आमच्याकडे ईमानदार माणसाला प्रामाणिक म्हणतात बाबा’ असे सांगून त्याला वाटेला लावले. पण घरी आल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. चाळीस वर्षे हा शब्द तोंडात आहे, त्याची व्युत्पत्ती पाठशाळेत घोकलेली आहे, आणि कागदाला लागणारा शब्द माणसाला कसा लागला याचा आपण कधी विचारच केला नाही! शिवाय त्या प्रश्नाने माझे एक जुने देणे उकरून काढले. ते पुढे सांगतो. आधी शब्द पाहू.

शब्दाची घडण सोपी आहे. मूळ धातू ‘मा’, अर्थ मोजणे. त्याच्या आधी ‘प्र’ हा उपसर्ग आला आणि नंतर ल्युट् प्रत्यय लागला म्हणजे ‘प्रमाण’ शब्द होतो. हा प्रत्यय येथे साधन या अर्थी आहे; ज्याच्या योगाने नीट मोजता येते ते प्रमाण. (‘मान’ शब्दातला न येथे ण का झाला, तर ‘प्र’मध्ये र आहे म्हणून. लघुकौमुदी शिकताना या एका ‘ण’पायी आम्ही छड्या खाल्ल्या आहेत, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.) आता या ‘प्रमाणा’ला ‘इक’ जोडला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, ‘प्र’चा ‘प्रा’ होतो, आणि प्रामाणिक शब्द तयार होतो. प्रमाणाला धरून जो असतो तो प्रामाणिक. मान, परिमाण, मात्रा, अनुमान, उपमा, निर्माण आणि आपले रोजचे माप, ही सगळी त्याच घरची भावंडे. पुष्कळ पंडित ‘माया’ शब्दही याच धातूवरून साधतात. एकाच घरात माप आणि मायाही नांदते म्हणायची! असो, तो विषय निराळा.

सारांश, या शब्दाच्या मुळाशी खरे-खोटे नाही, चांगले-वाईट नाही. मुळाशी आहे ते माप.

आता शास्त्रकार प्रमाण कशास म्हणतात ते पाहा. तर्कसंग्रह नावाची लहानशी पोथी आहे, अन्नंभट्टांची. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याने तीच शिकवतात. तिच्यात प्रमाणे चार सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथे विस्तव असला पाहिजे असे जाणले ते अनुमान. गाईसारखा जो दिसतो तो गवय, असे आधी ऐकून मग रानात गवय ओळखला ते उपमान. चार्वाक एकटे प्रत्यक्षच मानतो, सांख्य तीन मानतात, अद्वैतवेदान्ती सहापर्यंत जातात. तो वाद विद्वानांचा. आपल्याला काम आहे ते चौथ्याशी, शब्दाशी. कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही. आप्ताचा शब्द तेवढा प्रमाण. आणि आप्त कोण? जो वस्तू जशी आहे तशी जाणतो, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास कळावी अशी ज्याची इच्छा असते, तो आप्त. मराठीत आपण या शब्दाचे नातलग करून टाकले आहेत. भाऊबंदकीचे दावे ज्यांनी पाहिले असतील त्यांना या अर्थांतराचे हसू येईल.

वारकरी कीर्तनात आपण हाच शब्द त्याच शास्त्रीय अर्थाने वापरतो, हे किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे. कीर्तनकार काही सिद्धांत मांडतो आणि लगेच ज्ञानोबा-तुकोबांचे, नाथांचे, नामदेवरायांचे वचन देतो. त्याला आपण ‘प्रमाण दिले’ असे म्हणतो. टाळकरी ते उचलून धरतात. खेड्यातली न शिकलेली म्हातारीसुद्धा म्हणते, ‘बुवांनी परमाणं लई दिली.’ माझे स्वतःचे म्हणणे, मग ते कितीही गोड असो, प्रमाण नव्हे. संत आप्त आहेत म्हणून त्यांचा शब्द माप. मी नुसता मापून देणारा.

ग्रंथ प्रामाणिक, कागद प्रामाणिक, हे येथवर जमले. हिंदीत शब्द येथेच थांबला. माणसासाठी त्यांनी ईमानदार हा शब्द ठेवला. आपल्याकडे मात्र तो पुढे चालत माणसापर्यंत आला. गुजरातीतही आला, भाईंदरच्या बाजारात कोणत्याही गुजराती दुकानदाराला विचारा, तो प्रामाणिक माणसालाच म्हणेल. कानडीतही प्रामाणिक म्हणजे सचोटीचा माणूस, आणि तेथे ‘प्रमाण’ म्हणजे शपथसुद्धा. मराठीत तो कसा आला असेल याची खूण आपल्या रोजच्या बोलण्यात पडलेली आहे. ‘ठरल्याप्रमाणे’, ‘सांगितल्याप्रमाणे’, ‘नेहमीप्रमाणे’ असे आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. हा ‘प्रमाणे’ दुसरा कोणी नव्हे, तोच प्रमाण. जो सांगितल्याप्रमाणे देतो, ठरल्याप्रमाणे येतो, ऐकल्याप्रमाणे सांगतो, तो प्रामाणिक. येथे माणूस मोजला जातो आणि त्याचे माप आधीच बाहेर ठेवलेले असते. इतके साधे आहे, पण मला ते साठी उलटल्यावर दिसले.

या शब्दाचे शेजारीही पाहून घेऊ. ‘सचोटी’च्या पोटात सच आहे, म्हणजे संस्कृत सत्य, प्राकृतात सच्च, जुन्या मराठीत साच. ‘इमान’ अरबीतून फारसीच्या वाटेने आले. त्याच्या मुळाशी विश्वास व श्रद्धा. आणि ‘चोख’ हा तर आपल्या जिव्हाळ्याचा शब्द. संस्कृतात चोक्ष म्हणजे शुद्ध, निर्मळ, प्राकृतात चोक्ख, मराठीत चोख. सोने चोख, हिशेब चोख, माणूस चोख. ज्यांना देवळाच्या पायरीबाहेर उभे केले त्या चोखोबारायांच्या नावात हा शब्द आहे. त्यांना विटाळाचे मानणाऱ्यांनी त्यांना हाक मारताना रोज ‘शुद्ध’ म्हणूनच हाक मारली. शब्द माणसापेक्षा प्रामाणिक निघतो तो असा.

सत्य, विश्वास, शुद्धी, हे सारे आत असते. ज्याचे त्याला ठाऊक. प्रामाणिक शब्दाची तऱ्हा वेगळी. त्याला बाहेरचे माप लागते. आमच्या भाईंदरास एके काळी मिठागरांचे गाव म्हणून ओळखत. आता मिठागरे आटत चालली आणि दुकाने वाढली. त्यातल्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन किलोचे लोखंडी वजन उलटे करून पाहा. बुडाशी शिसे भरलेले असते आणि त्यावर शिक्का असतो. ही वजने दुकानदाराला ठराविक मुदतीने सरकारी खात्याकडून तपासून पुन्हा शिक्का मारून घ्यावी लागतात. खात्याचे नाव वैध मापन, म्हणजे तेथेही आपला ‘मा’ धातू आहेच. पूर्वी मुलखामुलखाचा शेर वेगळा, पायली वेगळी. १९५६ च्या कायद्याने सगळ्या देशाला मेट्रिक मापे ठरली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण मला सांगायचे ते पुन्हा तपासण्याचे. वजन चांगले असले तरी ते वापराने झिजते. दुकानदार लबाड असतो असे नव्हे. रोज हातात असल्यामुळे झीज त्याला कळतच नाही. म्हणून ते मूळ वजनाशी लावून पाहावे लागते.

नरहरी सोनारांची कथा आपण सारेच सांगतो. सावकाराने विठोबाला सोन्याचा करगोटा नवसला. नरहरी कट्टर शिवभक्त, विठोबाचे तोंड पाहायचे नाही हा नेम. म्हणून सावकाराने देवाच्या कमरेचे माप आणून दिले. करगोटा केला तर तो बसेना. पुन्हा माप आणले, पुन्हा केला, पुन्हा बसेना. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः जावे लागले. हाताने चाचपले तर शंकर, पट्टी काढली तर पांडुरंग. हरिहरैक्याची कथा म्हणून आपण ती सांगतो, ते योग्यच. पण मला तीत सोनारकामाची गोष्टही दिसते. दुसऱ्याने आणलेल्या मापावर दागिना घडवला आणि तो दोनदा चुकला. कारागीर उत्तम होता, सोने चोख होते. मूळ वस्तूला स्वतःचा हात लागल्याशिवाय काही जमेना.

परंतु प्रामाणिकपणाचा खरा धडा शिकावा तो नाथांच्या चरणाशी. नाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबाचे काम पाहात. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. (तरुण वाचकांसाठी सांगतो: बारा पैंचा एक आणा आणि एकशे ब्याण्णव पैंचा एक रुपया, असा हिशेब १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत चालत असे. कथेतले नाणे कोणते याला महत्त्व नाही. सगळ्यात लहान नाणे एवढाच भाव.) नाथ रात्रभर दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, त्यांनी कारण विचारले, आणि म्हणाले की एका पैचा शोध लागल्याने एवढा आनंद, तर या संसाराच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल!

ही कथा आम्ही एकाग्रतेसाठी सांगतो. मीही शेकडो वेळा तशीच सांगितली. अलीकडे मात्र मला तीत दुसरेच काही दिसू लागले आहे. नाथांना रात्रभर जागण्याचे कारण काय होते? आपल्या कनवटीची एक पै काढून पेटीत टाकली असती तर हिशेब तत्काळ जुळला असता. कोणाचे नुकसान नाही, उलट धन्याचा एका पैने फायदा. आपण असे कितीदा करतो! पण तो हिशेब जुळलेला असता, खरा नसता. पदरची पै घालून जुळवलेल्या हिशेबात चूक तशीच राहते, फक्त ती आता कोणालाही सापडण्यासारखी राहात नाही. नाथांना हे कळत होते.

आणि पुढे पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरवली गेली आणि पाठात भेसळ झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली नाथांनी अनेक प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि अखेरीस आपले नाव व शक घालून हे काम आपण केल्याचे नोंदवून ठेवले. तेथेच त्यांनी पुढच्यांना बजावले आहे. यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी मिसळील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा त्या सांगण्याचा भाव. हे कोण म्हणतो आहे? भागवताच्या एकादश स्कंधावर हजारो ओव्यांची टीका १५७३ साली काशीत पुरी केलेला कवी. ज्ञानेश्वरीत शोभेल अशी ओवी त्या काळी महाराष्ट्रात कोणाला लिहिता आली असती तर ती नाथांनाच. गळलेल्या जागी त्यांनी एखादी घातली असती तर आज आपणांस ओळखूही आली नसती. देवगिरीवर पदरची पै घातली नाही, आणि पैठणात पदरची ओवी घातली नाही. ज्या नजरेने पै शोधली त्याच नजरेने पाठ शोधला, असे मला वाटते.

आता माझे देणे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मुर्ध्याच्या बाजूला कीर्तनात उभा होतो. विषय रंगात आला होता, आणि एका जागी मला तुकोबारायांचे प्रमाण हवे होते. गाथ्यात तसे आहे असे मनाला वाटत होते, पण ओठावर येईना. टाळकरी माझ्या तोंडाकडे पाहात थांबलेले. ‘आठवत नाही, माउली’ एवढेच म्हणायचे होते. ते न म्हणता मी मनातूनच एक ओळ जुळवली, अक्षरे बसवली, यमक साधले, आणि तुकोबांचे नाव घालून मोकळा झालो. टाळ कडाडले. मृदंगाने उचल खाल्ली. त्या रात्री सगळ्यात जास्त दाद मिळाली ती त्या ओळीला. मी मनाची समजूत घातली, की अर्थ तर तुकोबांचाच आहे.

पाच-सहा वर्षांनी वसईपलीकडे एका तरुण महाराजांच्या कीर्तनास श्रोता म्हणून बसलो होतो. त्यांनी ती ओळ प्रमाण म्हणून दिली. अक्षरास अक्षर. माझ्या अंगावर काटा आला. सेवा झाल्यावर त्यांनी माझ्या पाया पडून सांगितले, “महाराज, तुमच्याच कीर्तनात ऐकली होती, वहीत उतरवून ठेवली.” तेव्हाही मी काही बोललो नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून आलो. पहिल्या वेळी गडबडीत घडले असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी गडबड नव्हती.

इस्त्रीवाल्याने प्रश्न विचारला त्याच रात्री मी त्या तरुण महाराजांना फोन लावला आणि झाले ते सांगितले. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, “मी गाथ्यात शोधली होती, महाराज. दोन-तीन गाथे पाहिले. सापडली नाही तेव्हा म्हटलं आपलीच नजर चुकत असेल. तुम्ही सांगितलेली, म्हणून पुढं शोधलं नाही.”

तर्कसंग्रहातला आप्त हा शब्द मला त्या क्षणी जसा कळला तसा पाठशाळेत कधी कळला नव्हता. त्या पोराकडे प्रत्यक्ष होते. गाथा उघडून त्याने पाहिली होती, ओळ नाही हे डोळ्यांना दिसत होते. तरी माझ्या शब्दापुढे त्याने आपल्या डोळ्यांना खोटे ठरवले.

मग ते म्हणाले, “पण मी ती चार गावांत सांगितली आहे. तिथल्या पोरांनी लिहून घेतली आहे. त्यांचं काय करायचं?” मी त्यांच्याकडून गावांची नावे लिहून घेतली.

ओळ येथे छापत नाही. छापली की तिला पुन्हा पाय फुटतील. मुर्धे आणि गोडदेव ही जवळची. तेथे मार्गशीर्षात जाऊन आलो. हरिपाठ झाल्यावर उभा राहिलो, ओळ सांगितली, ती गाथ्यात नाही हे सांगितले, आणि ज्यांच्या वहीत असेल त्यांनी खोडावी अशी विनंती केली. मुर्ध्यास एका आजीबाईंनी विचारले, “मग ती कुणाची म्हणायची, महाराज?” म्हटले, “माझी.” “मग तुमच्या नावानं म्हणा की. वाईट नाही.” मंडळी हसली, मीही हसलो. एका मुलाने वही आणून दाखवली. ओळ लाल शाईने चौकट घालून लिहिलेली होती, खाली ‘श्रीतुकोबाराय’. माझ्यादेखत त्याने नावावर काट मारली. ओळ मात्र खोडावी की ठेवावी हे त्याला ठरवता येईना. पेन हातात धरून तो माझ्याकडे पाहात राहिला. मी ते त्याच्यावरच सोडले.

वसईपलीकडची दोन गावे राहिली आहेत. माघात तिकडे सप्ताह आहे. तरुण महाराज बरोबर येतो म्हणाले आहेत. जाण्याआधी इस्त्रीच्या दुकानातही एकदा जायचे आहे. त्या गृहस्थाला मी दिलेले उत्तर अपुरे होते.